पिवळ्या रेनकोटातली पाहुणी

मिठी चार हातांची होती. काहीतरी चुकतंय असं मला पहिल्यांदा वाटलं ते तिथेच.

श्टुटगार्टच्या बस-स्थानकावर मी झोर्नित्साला आणायला गेले होते. एकट्या झोर्नित्साला. शाळेपासूनची माझी मैत्रीण, बल्गेरियातल्या प्लोवदिवहून दीड दिवस बसमध्ये अवघडून खास मला भेटायला आलेली. तिने समोरून मला आवळलं आणि त्याच क्षणी मागूनही कुणीतरी आवळलं. मी किंचाळले. (टोस्टरमधून पाव वर उडाला तरी मी किंचाळते, पण स्थानकावरच्या लोकांना ते माहीत नव्हतं. दोघे पोलीस जवळ येऊन उभे राहिले.)

"मीपण आले," मागचे हात म्हणाले. वळून पाहते तर मिल्का. आमच्याच वर्गातली, माझ्या खांद्याएवढी, अंगावर पिशव्याच पिशव्या.

"हिला कशाला आणलंस?" मी झोर्नित्साला बाजूला ओढलं.

"आणलं कुठे, आली. शेजारची सीट रिकामी होती. वाया जायची."

"अगं, पण मी घरमालकिणीला एकच पाहुणी सांगितलीय."

"मग दोन सांग. एकात एक मिळवायचा. तू इथे इंजिनिअर व्हायला आलीस ना, बिल्ये?"

तिला सांगून कळणारं नव्हतं. माझी घरमालकीण हेफेलेबाई. मी त्यांच्या घराच्या वरच्या माळ्यावरच्या खोलीत राहते, त्या माझ्या खालच्या मजल्यावर. करारात स्वच्छ लिहिलंय, पाहुणा एक, पूर्वसूचनेसह. आणि बाईंच्या बाबतीत लिहिलंय म्हणजे लिहिलंय. त्यातून माझा करार या महिन्याअखेर संपत होता. श्टुटगार्टमध्ये खोली मिळणं म्हणजे काय असतं ते मी सांगत बसत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा सहा महिने कुणाच्या तरी तळघरात, लोणच्यांच्या बरण्यांशेजारी झोपत होता आणि त्यालाही लोक नशीबवान म्हणत.

दोनच आठवड्यांपूर्वी बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "बिल्याना, तुम्हाला आणखी एक वर्ष राहायचंय का?" माझ्या तोंडात नेमकं ब्रेझेल, म्हणजे इथला वेटोळ्याचा खारा पाव होता. भरल्या तोंडाने बोललेलं त्यांना खपत नाही, म्हणून मी जीव तोडून मान हलवली. राहायचंय म्हणजे काय, विचारता कशाला, अशी. बाईंचा चेहरा पडला. "बरं," एवढंच म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून खोली बघायला माणसं यायला लागली. एक मुलगा तर मोजे घालून आला होता, बूट खाली दारातच काढून. माझं काय चुकलं ते मला कळेना. कचऱ्याच्या डब्यात मी दह्याची वाटी झाकणासकट टाकली होती, ते असेल का? सोमवारी त्या निर्णय घेणार होत्या. तोपर्यंत मला या घरात देवदूतासारखं वागायचं होतं, आणि देवदूताकडे पूर्वसूचनेशिवाय मिल्का येत नाही.

म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला. दोघींची एक करायची.

झोर्नित्साकडे पिवळाधमक रेनकोट होता, टोपीवाला. तो घालून ती माझ्याबरोबर वर आली. हेफेलेबाई दारात उभ्याच होत्या. नमस्कार झाला, ओळख झाली. वर पोचताच मी कोट पिशवीत कोंबला, धावत कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी गेले आणि तो मिल्काला घातला. तिच्या घोट्यापर्यंत आला.

बाई अजून दारातच.

"ह्या आत्ता वर गेल्या ना?"

"हो. मग खाली आल्या. पिशवी राहिली होती."

"खाली जाताना दिसल्या नाहीत."

"हळू चालतात त्या."

बाईंनी मिल्काला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खालपर्यंत पाहायला फार वेळ लागला नाही. "मघाशी उंच वाटल्या होत्या."

"दीड दिवसाचा प्रवास हो," मी म्हणाले. "माणूस दबतं."

वर आल्यावर दोघी पलंगावर पडून तोंडात उशी कोंबून हसल्या. मी दार आतून लावून घेतलं.

"आता नीट ऐका," मी म्हणाले. "घरात बोलायचं नाही, बाहेर दोघींनी एकदम पडायचं नाही, कोट घातल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि मिल्के, तुला जर्मन येत नाही, तेव्हा तू फक्त मान हलवायची. पण इथल्यासारखी."

हे सांगणं भाग होतं. आम्हा बल्गेरियन लोकांची मान 'हो' म्हणताना डावी-उजवीकडे हलते आणि 'नाही' म्हणताना वर-खाली होते. बाकीच्या जगाने ते उलटं का करून ठेवलंय कोण जाणे.

मिल्काने करून पाहिलं. "म्हणजे 'हो'ला वर-खाली. छे, मला चक्कर येते. तुला जमतं?"

"दोन वर्षं झाली. माझी मान आता पक्की जर्मन झालीय."

"बघ हां, झोर्नित्सा," मिल्का म्हणाली, "बिल्याना मानेपर्यंत जर्मन झाली. आता हळूहळू डोकंही होईल."

शनिवारी आणखी एक भानगड होती. माझ्या दारावर झाडूची पाटी लटकत होती. ज्याच्या दारावर ती, त्याने त्या आठवड्यात सगळा जिना झाडून-पुसून काढायचा, ही इथली रीत. मी सकाळी उठून जिना असा पुसला की त्यात चेहरा दिसावा. माझा दिसत होता, घाबरलेला. मग मी आणि झोर्नित्सा बाजारात गेलो. कोट मिल्कासाठी ठेवला. तिला म्हटलं, शांत बस, पुस्तक वाच.

परतलो तर रस्त्याच्या टोकापासूनच वास आला. भाजलेल्या मिरच्यांचा. आमच्याकडे सप्टेंबरात अख्खं गाव या वासाने घमघमतं; पण इथे, चकचकीत जिन्याच्या या गल्लीत, तो वास म्हणजे आग लागल्याची बातमी होती. मी तीन मजले एका दमात चढले.

मिल्का टेबलाशी बसली होती. समोर विजेवर चालणारं मिरच्या भाजायचं भांडं. (ते तिने घरून आणलं होतं. लोक परदेशी जाताना छत्री नेतात.) शेजारी सोललेल्या लाल मिरच्यांचा डोंगर, वर लसूण.

"बाई आली होती," ती म्हणाली.

मी खुर्चीवर बसले. खुर्ची तिथे नव्हती. झोर्नित्साने मला जमिनीवरून उचललं.

"घाबरू नकोस. मी आधी कोट घातला, टोपी ओढली, मग दार उघडलं. ती नाक वर करून हुंगत होती, म्हणजे काही जळतंय का, असंच विचारत असणार. मी नाही म्हटलं."

"कसं म्हटलंस?"

मिल्काने मान वर-खाली केली.

"अगं, म्हणजे तू हो म्हणालीस."

"मला वाटलंच, कारण ती एकदम खिडक्या उघडायला धावली. मग तिने बाह्या सरसावून विचारलं, मदत करू का. मी नाही म्हटलं, तरी बसलीच. आगाऊ असतात हां ही माणसं."

"मग?"

"मग आम्ही मिरच्या सोलल्या. हात चांगला आहे बाईचा. अर्ध्या तिनेच खाल्ल्या."

मी खोलीभर पाहिलं. तीन उशा. तीन टूथब्रश. दाराशी झोर्नित्साचे होडीएवढे बूट, त्यांच्या शेजारी मिल्काचे बाहुलीएवढे.

"आणि एक सांगते," मिल्काचा आवाज जरा खाली आला. "मला खोटं वागता येत नाही. तिने एक बोट वर करून विचारलं, तू एकटीच आहेस ना? मी सरळ सांगितलं, नाही."

"मान वर-खाली करून?"

"मग काय करून?"

झोर्नित्सा भिंतीला टेकून खाली सरकत गेली, तिला हसणं उभ्याने झेपेना. मला मात्र सुटल्यासारखं झालं. मिल्काने सगळं कबूल केलं होतं आणि बाईंपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. "बिचारी गं तू," मी मिल्काला जवळ घेतलं. "राहू दे. इथे राहून शिकावं लागतं ते."

रविवारी सकाळी त्यांची बस होती. मी सगळं आखलं होतं. रविवारी बाई टोपी घालून चर्चला जातात, तेव्हा घर मोकळं. झोर्नित्सा मिरच्यांचं ते भांडं काखेत मारून ट्राम अडवायला पुढे पळाली. ("इथे ट्राम कुणासाठी थांबत नाही," मी म्हणाले. "माझ्यासाठी थांबेल," ती म्हणाली.) मिल्काने कोट चढवला, माझ्या गालांचे मुके घेतले आणि ती खाली निघाली.

मग मला पाणी आठवलं.

आमच्याकडे कुणी प्रवासाला निघालं की उंबऱ्यातून पाणी ओततात, वाट पाण्यासारखी सरळ वाहावी म्हणून. दोघींची दीड दिवसाची वाट, त्यात चार सीमा. मी पाणी ओतलं नाही आणि बस कुठे दरीत गेली तर? मी पाण्याचा जग भरला, रात्रीच्या कपड्यांवर, लोकरी मोज्यांत तशीच बाहेर आले आणि ओतलं. जरा जास्तच ओतलं. (दोघी होत्या ना.) पाणी खरोखरच सुरेख वाहिलं. माझ्याच हाताने पुसलेल्या पायऱ्यांवरून, वळणाला वळण घेत, खालच्या मजल्याकडे.

मागे दार 'खट' झालं.

या देशातल्या दारांना बाहेरून मूठ नसते. किल्ली आत होती. दुसरी किल्ली मी पाहुण्यांना दिली होती, ती पिवळ्या कोटाच्या खिशात. माझ्याकडे एक रिकामा जग, एक फोन आणि दारावर डोलणारी झाडूची पाटी.

मी झोर्नित्साला फोन लावला. तिचा बंद. मिल्काला लावला. वाजतोय, उचलत नाही. खालून 'अरेच्चा' असा आवाज आल्यासारखा वाटला, मग एक दार उघडून मिटल्याचा. बाई अजून घरातच असतील तर? रविवारी, घरात शांतता पाळायच्या दिवशी, जिन्यावरून ओढा वाहतोय आणि त्याच्या उगमाशी मी मोज्यांत. उद्या सोमवार. मोजे घातलेला तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याचे मोजे कोरडे होते.

मी मोजे काढले आणि त्यांनी पायऱ्या टिपायला सुरुवात केली. एका हाताने टिपायचं, दुसऱ्या हाताने फोन लावायचा. उचल गं मिल्के. मोजा पिळायचा, पुन्हा लावायचा. ट्राम गेली असेल, बस जाईल, किल्ली प्लोवदिवला पोचेल आणि मी इथे जिन्यावर म्हातारी होईन. उचल, बाई, उचल.

उचलला.

"मिल्के, कुठे आहेस तू," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"माझ्या स्वयंपाकघरात आहे तुमची पाहुणी," हेफेलेबाईंचा आवाज आला. "तिचे हात लोण्याने भरलेत, म्हणून मी घेतला. चर्चला निघाले होते, तर टोपीवर पाणी पडलं. ही जिन्यातच होती, तिनेच पुसून दिली टोपी. म्हटलं, कॉफी घेतेस का, तर मान डोलावली."

"बाई, ते पाणी मी—"

"पाण्याचं नंतर बोलू. बरं झालं तुमचा फोन आला. सोमवारपर्यंत थांबायची गरज उरली नाही. खोली मी हिलाच द्यायची ठरवलीय. हिची उंची अधूनमधून कमी-जास्त का होते ते मला अजून समजलेलं नाही, पण मुलगी शांत आहे, कामसू आहे. आत्ताच विचारलं, वरची खोली हवी का? तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ठासून मान डोलावली तिने."

माझ्या हातातला मोजा टपटपत होता.

"तुम्हालाही विचारलं होतं की मी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासा दुखावलेला होता. "तुम्ही तोंडात ब्रेझेल घेऊन अशी काही मान हलवलीत, की मला वाटलं, एवढा काय या घराचा कंटाळा आलाय हिला. बिल्याना? ऐकताय ना?"

मी पायरीवर बसून, फोन कानाला घट्ट धरून, जीव तोडून मान हलवत होते. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.