धोंडीतात्यांची आरोळी

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये भूत दुपारच्या जेवणानंतर येतं. ते आलं की वरच्या मजल्यावरचे धोंडीतात्या गॅलरीत धावत येतात आणि आरोळी ठोकतात, "आलं रंऽऽ!"

भूत अर्थात टीव्हीतलं. तात्यांना भुताचे सिनेमे लागतात, तेही पडदे सारून, भर उजेडात. दाराआडून पांढरा हात दिसला की रिमोट टाकून गॅलरीत. मग खालून शिंदेकाकू कावतात, "तात्या, बंद करा ते! माझं दूध उतू गेलं!" कुणाचं बाळ उठतं, कुणी हसतं. एवढं झालं की तात्या समाधानानं आत जातात.

तात्या पैठणकडचे, जन्मभर मेंढरांमागं रानोमाळ पालं ठोकत हिंडलेले. पटका घरातही सुटत नाही. "भूत बघताना डोकं उघडं ठेवू नये," म्हणतात. मुलगा इथं कंपनीत लागला, तेव्हा मेंढरं विकून त्याच्याकडं आले. मुलगा-सून सकाळीच कामावर जातात.

मध्यंतरी त्यांचं बीपी वाढलं, झोप उडाली. डॉक्टरांनी सिनेमे बंद करायला सांगितले. तात्या मुलाचं ऐकेनात, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी शिकवते ती शाळा सकाळची, दुपारी मी घरीच. शिवाय अख्ख्या भावकीत कॉलेज पुरं केलेली मी पहिली, आणि विषय मानसशास्त्र! हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, त्याला काय करणार?

मी समजावलं, "तात्या, सिनेमा खोटा असला तरी शरीराला ते कळत नाही. काळीज धडधडतं, नसा ताठतात, अंग पळायच्या तयारीत. आणि पळायचं तर कुठंच नसतं. मग झोप कशी येणार?"

"शरीराला खरं-खोटं कळंना व्हय?"

"शरीर कुठं शिकलंय तात्या?"

"मग तू कुणासाठी शिकलीस?"

पण शेवटी माझ्या डिग्रीला मान देऊन त्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला. मी खूश.

त्यानंतर दुपारी बिल्डिंग गपगार. दूध उतू जाईना. शेवटी शिंदेकाकूच म्हणाल्या, "जरा वर जाऊन बघ गं."

तात्या बंद टीव्हीसमोर बसले होते. पटका खुंटीला.

"झोप लागायली का तात्या?"

"कशाची."

"अजून भुताची भीती वाटते?"

"येडी का काय तू! लांडगं हाकलल्यालं माणूस मी." त्यांनी खुंटीवरच्या पटक्याकडं बघितलं. "रानात लांडगा आला की एकानं हाळी द्यायची. एकेका पालातून ओ यायची. बायांची, लेकरांची. सगळी हायती असं कळलं की निवांत डोळा लागायचा. हितं लांडगा कुठून आणू? म्हून ते भूत."

"पण इथं ओ कोण देत होतं?"

"ती खालची शिंदीण. शिव्या दिल्या तरी ओच की ती."

रिमोट मी परत दिला नाही. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मात्र मी माझ्या गॅलरीत गेले. पदवीधर बाईनं असं करावं का, म्हणून आधी इकडंतिकडं बघितलं आणि मग पोटातून ओरडले, "आलं रंऽऽ!"

खालून शिंदेकाकू, "आता तुलाबी याड लागलं का? माझं दूध!"

वर खुर्ची सरकली. मग पटका बांधायला लागतो तेवढा वेळ गेला, आणि उत्तर आलं, "हाय रंऽऽ! हाय, हाय!"