राउटर, सळई आणि विमलाबाईंची खाट

"बाळ कसं हाये?" आतल्या खोलीतून विमलाबाईंनी विचारलं.

"हाये," मधुकरराव दारात उभं राहून म्हणाले. "बाळासारखं."

"नाक कसं हाये?"

"जिथं असते तिथंच."

"अन् रंग?"

"समजला नाई. तिकडे रात्र होती."

विमलाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दर रविवारी सकाळी हे असंच चालायचं. बैठकीतल्या कॉम्प्युटरवर कॅनडाहून अंजू दिसायची, तिच्या मांडीवरची तान्ही वेदश्री दिसायची, आणि ते बघायला घरातून एकटे मधुकरराव हजर असायचे. ते बघायचे, उठायचे आणि आत येऊन बातमी द्यायचे. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर पाण्याची पातळी कळवलेला माणूस! नात कशी दिसते हे त्याच्या तोंडून काढणं म्हणजे वाळू रगडून तेल काढणंच होतं.

खरं तर विमलाबाई लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला जाणार होत्या. व्हिसा आला होता, डिंकाचे लाडू डब्यात भरून झाले होते. आणि नेमक्या दिवाळीच्या आधी न्हाणीत घसरल्या. खुबा मोडला. दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत स्टीलची सळई बसली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता पडूनच राहायचं, बसायचंसुद्धा नाही. लाडू मधुकररावांनी संपवले. नात तिकडे जन्मली आणि आजी वर्ध्यात छताकडे बघत राहिली. अंजूने फोटो पाठवले होते, नाही असं नाही. पण त्या थंडीच्या मुलखात सगळ्या फोटोंत टोपी, दुपटं आणि मध्ये झोपलेला एक गुलाबी ठिपका. झोपलेली लेकरं सगळी सारखीच दिसतात.

"मले हलती पोरगी पाहाची हाये," विमलाबाई म्हणाल्या. "माह्या डोळ्यानं. तुमच्या तोंडानं नाई."

तोंडाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकू. मधुकररावांचा चेहरा जन्मतःच सुतकी होता. कपाळावर तीन आठ्या, खालचा ओठ लोंबता, ओठांची टोकं जमिनीकडे. मुलगी बघायला ते तळेगावला गेले, तेव्हा ओसरीवर पाय ठेवताच सासऱ्यांनी घाबरून विचारलं होतं, "काऊन हो, कोनाचं बरंवाईट झालं काय?" आणि चेहऱ्याला शोभेल असाच स्वभाव. ढग आले की पूर येणार, ढग गेले की दुष्काळ पडणार.

कॉम्प्युटर आत न्यायचा तर टेलिफोनची तार बैठकीतच संपत होती. लांब वायर टाकायची तर मधुकरराव म्हणाले, "उंबऱ्यावर वायर आली की कोनी ना कोनी अडकून पडन. एक खुबा मोडला तेवढा पुरे." मग त्यांनी चंद्रभानला बोलावलं. चंद्रभानचं बाजारात कॉम्प्युटरचं दुकान होतं. तो दोन खोकी घेऊनच आला.

"काकाजी, अंजूताईचा जुना लॅपटॉप हाये ना घरात? मग झालं. बैठकीत राउटर लावाचा, लॅपटॉप काकूजवळ ठेवाचा. वायरच नाई. हा साधा, एका अँटेनाचा. अन् हा भारीवाला. तीन अँटेना, बाहेरचा माल. लोकं वर्ध्यात अजून साधाच नेऊन राह्यले, पन तुमच्यासाठी मीनं हा मुद्दाम आनला."

"फरक काय?"

"साधा एका खोलीपुरता. हा तीन भिंती फोडून जाते."

"फोडून?"

"भिंतीले काई होत नाई, काकाजी."

"भिंतीचं नाई विचारत मी. पलीकडे बाई झोपली हाये. तिच्या खुब्यात सळई हाये. ह्याच्या लाटा भिंतीतून आरपार गेल्या तर सळईचं काय होईन? तापली तर?"

चंद्रभानने आजवर शेकडो गिऱ्हाइकांना उत्तरं दिली होती, पण सळईचा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. तो खोकी तिथेच ठेवून चहा न घेता गेला.

मग सुरू झाला विचार. शेजारचे बंडोपंत हे विज्ञानाचे निवृत्त मास्तर. दोघं म्हातारे रोज संध्याकाळी दोन खोक्यांसमोर बसू लागले.

"साधा घेतला तर आत पोचनार नाई," मधुकरराव म्हणायचे. "भारी घेतला तर पोचन, पन सळई तापन."

"अहो, असं होत नसते."

"तुम्ही लिहून देता?"

बंडोपंत लिहून द्यायला तयार नव्हते. मास्तरकी गेली तरी अक्कल शाबूत होती. भारीवाला टिकाऊ, तर साधा बिघडला तरी दुःख कमी. भारीवाल्याच्या तीन अँटेना, तर तिन्हींवर वीज पडायची भीती. साध्याचा दिवा हिरवा, भारीवाल्याचा निळा. निळा दिवा रात्री डोळ्यांना बरा नाही. असं करत करत थंडी मध्यावर आली, तिकडे नात हसायला लागली, आणि खोकी जागची हलली नाहीत.

एका संध्याकाळी बंडोपंत वैतागून म्हणाले, "मधुकरराव, ह्या भानगडीत कायले पडता? वहिनीची खाटच बैठकीत आना ना. चार मानसं लागन फक्त."

मधुकररावांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून बोलले.

"माह्या मायची खाट बैठकीत आनली होती, आठवडा निघाला नाई. बापाची आनली, त्यानं तर रात्रबी काढली नाई. आमच्याकडे खाट बाहेर येते ते परत आत जात नाई, बंडोपंत. मानूस दारातून काढाले सोपं पडावं म्हनून आनतात ते. पुन्हा बोलू नका."

एवढा सगळा तीन अँटेनांचा घोळ कशासाठी चालला होता ते बंडोपंतांना त्या दिवशी कळलं. राउटर चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. बायकोची खाट उंबऱ्याबाहेर येऊ द्यायची नव्हती, बस्स.

पण आतल्या खोलीत कान शाबूत होते. विमलाबाईंनी हाक मारली.

"अवो! भारीवाला लावा."

"सळई तापली तर?"

"तापू द्या. थंडीचे दिवस हायेत."

रविवारी सकाळी चंद्रभानने राउटर लावला. मधुकररावांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, वर स्वस्तिक काढलं. निळा दिवा लागला. चंद्रभान लॅपटॉप हातात घेऊन निघाला. बैठकीत रेंज पूर्ण. अंगणात पूर्ण. बंडोपंतांच्या तुळशीपाशी पूर्ण. कोपऱ्यावरच्या नत्थूच्या पानठेल्यापर्यंत रेंज होती! चंद्रभान खूश होऊन आतल्या खोलीत शिरला, आणि रेंज शून्य.

तो परत बाहेर आला. रेंज आली. आत गेला. गेली.

"काकाजी, ही मधली भिंत कोनं बांधली?"

मधुकररावांचा चेहरा क्षणभर, अगदी क्षणभर, उजळला. "मीनं. स्वतः उभं राहून. धरनाच्या भिंतीले जशा सळ्या टाकतात तशा टाकल्या हायेत. दुप्पट जाड. भूकंप आला तर सारं वर्धा पडन, ही भिंत पडनार नाई."

"नाईच पडत," चंद्रभान रडवेल्या सुरात म्हणाला. "त्यातून काईच जात नाई."

म्हणजे भारीवाल्याच्या लाटा साऱ्या आळीत फिरून आल्या, पण ज्या बाईसाठी आणला तिच्या उशापर्यंत काही गेल्या नाहीत. अंजूची वेळ होत आली होती. पुढे लोडशेडिंगचीही वेळ होती. मधुकरराव खोक्याकडे बघत म्हणाले, "मले वाटलंच होतं."

"चंद्रभान!" विमलाबाई आतून कडाडल्या. "बंडोपंत भाऊजींना बोलव. अन् नत्थूले. माही खाट उचला!"

"विमल, नाई!" मधुकरराव दारात आडवे आले.

"सरका. मराचं असन तर मी नातीले पाहून मरन. भिंतीकडे पाहून नाई मरत."

मधुकरराव दारातून सरकले. चंद्रभान धावत पानठेल्यावर गेला. नत्थूने काय विचार केला कोण जाणे, त्याने ठेल्याची फळी खाली पाडली आणि उभ्या गिऱ्हाइकांना एवढंच सांगितलं, "चला जी, मधुकरराव काकाच्या घरची खाट बैठकीत आनाची हाये. चार मानसं पाह्यजे."

झालं. आळीत खाट बैठकीत येण्याचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. नत्थूने ठेला बंद केला म्हणजे तर शंकाच नको, कारण त्याने तो सख्ख्या काकाच्या तेराव्यालासुद्धा चालू ठेवला होता.

खाट निघाली. पुढे बंडोपंत आणि नत्थू, मागे चंद्रभान आणि मधुकरराव. विमलाबाईंना थंडी वाजू नये म्हणून अंगावर पांढरी शाल. मधुकररावांनी चेहरा काही मुद्दाम केला नव्हता, तो तसाच होता. खाट बैठकीत ठेवून मान वर केली, तर दारात चपलांचा ढीग.

समोरच्या कोकिळाबाई गंगाजलाचा तांब्या आणि तुळशीचं पान घेऊन आल्या होत्या. "माय व, विमलबाई! अशी कशी व चालली तू!" म्हणून त्यांनी खाटेपाशी बसकण मारली. मागून आणखी बाया आल्या. पुरुष अंगणात हात मागे बांधून उभे राहिले. कोणीतरी तळेगावला विमलाबाईंच्या भावाला, तानबाला, फोनसुद्धा करून टाकला. तो जीप काढून निघालासुद्धा. आणि मधुकररावांना कोणी काही विचारावं, तर विचारायची गरजच नव्हती. सगळं चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"अवो बाई, मले काई झालं नाई!" विमलाबाई म्हणाल्या.

"असंच वाटते शेवटी," कोकिळाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माह्या सासूलेबी एकदम हुशारी वाटली होती. घे, तोंड उघड."

आणि नेमका त्याच वेळी लॅपटॉप वाजला.

पडद्यावर अंजू आली. तिला दिसली बैठकीत खाट, खाटेवर पांढऱ्या शालीतली आई, आईच्या तोंडाशी गंगाजल, भोवती रडणाऱ्या बाया, आणि त्या सगळ्यांच्या वर बाबांचं तोंड. तिने किंकाळीच फोडली.

"आई! बाबा, काय झालं आईले? मले काऊन नाई सांगितलं?"

"काई नाई झालं!" विमलाबाई ओरडल्या. "राउटर आत चालत नाई म्हनून आली मी बाहेर! तू रडू नको, पोरगी दाखव. कोकिळाबाई, तो तांब्या बाजूले करा, मले दिसून नाई राह्यलं!"

खाटेवरच्या बाईचा आवाज असा खणखणीत निघाल्यावर बाया चपापून सरकल्या. कोकिळाबाईंनी तुळशीचं पान काय करावं न सुचून स्वतःच्याच तोंडात टाकलं. अंजूने हुंदके देत देत मांडीवरचं लेकरू उचललं आणि पडद्यासमोर धरलं.

किंकाळीने वेदश्री जागी झाली होती. टोपी नव्हती, दुपटं नव्हतं. तिने सगळ्यांकडे एक नजर टाकली. कपाळावर तीन आठ्या पडल्या. खालचा ओठ लोंबला. ओठांची टोकं जमिनीकडे गेली. वर्ध्याची काही बातमी असेल तर ती वाईटच असणार, अशा खात्रीने ती बघत राहिली.

सगळ्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग मधुकररावांकडे, मग परत पडद्याकडे. आधी नत्थूला हसू आलं. त्याने तोंडावर गमछा धरला, पण खांदे हलत होते.

विमलाबाई हसल्या नाहीत. त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "हे तर तुम्हीच."

मधुकररावांनी मान खाली घातली.

"पह्यल्या दिवशीच दिसलं असन तुम्हाले."

"दिसलं होतं."

"मग इतके दिवस सांगितलं काऊन नाई? नाक विचारलं तर म्हनता जिथं असते तिथं!"

मधुकरराव खाटेपाशी टेकले. "कसं सांगू? तू आधीच पडलेली. दुखून राह्यलं होतं तुले. त्यात आनखी हे कायले, म्हटलं. पोरीची जात हाये. उद्या लग्न जमवाचं हाये तिचं. मलेच वाईट वाटलं बिचारीचं, तुले किती वाटलं असतं!"

आता मात्र विमलाबाई हसायला लागल्या. खुबा दुखायला लागला तरी हसू थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी नवऱ्याचाच हात ओढला.

"हे तोंड माह्या बापाले पसंत नोतं," त्या म्हणाल्या. "मले होतं."

साऱ्या आळीसमोर मधुकररावांना हात सोडवून घेणं जमेना. चंद्रभान मात्र धंदेवाईक माणूस, त्याला राहवलं नाही. तो बंडोपंतांच्या कानाशी लागला, "काकूची खाट बाहेर आलीच हाये, तर ते जुन्या वायरवरबी चाललं असतं. हा भारीवाला परत नेऊ काय?"

"हात लावू नको," बंडोपंत घाईघाईने म्हणाले. "माह्या तुळशीपाशी चांगली रेंज येते."

पडद्यावर नात अजूनही आजोबांकडे आठ्या घालून बघत होती. आजोबा आठ्या घालून नातीकडे बघत होते. मग मधुकररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खोल सुस्कारा सोडला.

"पाहून घे विमल, पोटभर पाहून घे," ते म्हणाले. "आता लाइन जाईन."

त्या दिवशी लाइन गेली नाही.