दगडूनानांचे शाकाहारी मासे

आमचे दगडूनाना माशांचं खाणं आधी स्वतः चाखून बघत. करडईची पेंड आणि ज्वारीचा कोंडा भिजवून ते लाडू वळत आणि तळ्यात टाकण्याआधी एक तुकडा तोंडात टाकत. डोळे मिटून चघळत. मग पंगतीतल्या वरणाची तारीफ करावी तसं म्हणत, "आज जमलं. बराबर हाय का न्हाई?" समोर कुणी नसलं तरी विचारत.

डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात आम्ही पाच जणांनी मिळून गावतळं मासे पाळायला घेतलं होतं. मी शाळामास्तर, म्हणून अक्कल माझी. नानांची बायको वारलेली, लेक सासरी, म्हणून खाऊ घालण्याचं काम त्यांच्या गळ्यात.

एका शिबिरात कुणी साहेब सांगून गेला की वाळवलेले बारीक मासे कुटून घातले, की तळ्यातला मासा झपाट्याने फुगतो. झालं! भागीदारांनी नदीला बारीक जाळं लावलं. बोटाएवढे मासे टोपल्यांनी उपसून पत्र्यांवर वाळत घातले. गावात असा वास सुटला, की पाहुणे मुक्काम आटोपता घेऊ लागले. नाना वासावर नाही, मुद्द्यावर भडकले.

"मासा पोसायला मासाच मारायचा? मंग तळं काहून घेतलं? नदीतलेच खा की!"

"नाना, साहेब शिकलेला माणूस आहे," मी म्हणालो.

"त्यानं चाखून पाह्यलं का? न्हाई ना? मंग!"

ही पात्रता पंचक्रोशीत एकट्या नानांकडेच असल्यामुळे वाद तिथेच संपला. ठरलं असं, की यंदा नानांची पेंड. मासे हलके भरले तर पुढच्या वर्षी सुकट, आणि बांधावर दुसरा माणूस.

नाना हट्टाला पेटले. तळ्यातल्या लेकरांना गोड लागावं म्हणून त्यांनी पेंडीत गूळ घातला, आणि मायेच्या भरात दुप्पट लाडू टाकले. खाणं पाण्यात कुजलं आणि पाण्यातली हवा संपली. पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडत होते. नाना धोतरासकट तळ्यात उतरले आणि कडुलिंबाच्या डहाळीने पाणी झोडपू लागले. आम्हालाही उतरवलं. काठावर गाव गोळा झालं. "मास्तर, आज शाळा तळ्यात का?" कुणीतरी विचारलं.

"हाना जोरात! जीव जाऊन राहिला लेकरांचा!" नाना आमच्यावर खेकसत होते.

मासे वाचले. नानांनी हात जोडून तळ्याची माफी मागितली. माशांची माफी मागणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि पाहण्याची इच्छाही नाही.

उन्हाळ्यात तळं आटत आलं तेव्हा जाळं ओढलं. रोहू तागडीत पडला आणि पारडं दणकन खाली बसलं. सुकटीचं नाव कुणी काढलं नाही. नदीचं जाळं गुंडाळून माळ्यावर गेलं. नाना दिवसभर ज्याला त्याला विचारत फिरले, "बराबर हाय का न्हाई?" संध्याकाळी तळलेला तुकडा पुढे केला तर मात्र उसळले. "ज्याला घास भरवला त्याला खाऊ व्हय मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावरून चाललो होतो. रिकाम्या तळ्याकाठी नाना बसलेले. फडक्यात भाकरी आणि ठेचा, शेजारी सवयीने वळलेला पेंडीचा बिनगुळाचा लाडू. सगळं जसंच्या तसं.

"काय नाना, आज कुणाला वाढताय?" मी चेष्टेनं विचारलं.

नाना हसले नाहीत. "बायको गेल्यापासून घरात घास उतरत न्हाई, मास्तर. इथं बराबर उतरायचा. त्यांचं थोडं मी खायचो, माझं थोडं ते." त्यांनी लाडू उचलला आणि परत खाली ठेवला. "बीज लौकर आना."

पाऊस लागून माशांचं नवं बीज यायला अजून बराच अवकाश होता. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारी बसलो, त्या लाडवाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. भयंकर कडू होता.

"जमलं," मी म्हणालो.

तेव्हा कुठे नानांनी भाकरीला हात घातला.