सरबत आणि शुद्ध पोलाद

नवी निर्वात टाकी बसल्यापासून कारखान्यातल्या साहेबांना सगळे पाठीमागे निर्मळसाहेब म्हणत. वितळलेल्या पोलादातले वायू टाकी ओढून घेई, गंधक वर तरंगणाऱ्या मळीत जाई, आणि उरे ते चिवट पोलाद. साहेबांच्या डोक्यातली मळी काढणारी टाकी मात्र अजून बाजारात आलेली नव्हती, असं प्रयोगशाळेतल्या तपासनिसाचं नम्र मत होतं.

आज मोठ्या ग्राहकाकडच्या इंजिनीअरबाई येणार होत्या. जुन्या आणि नव्या पोलादाच्या, 'जुनी'-'नवी' अशा चिठ्ठ्या लावलेल्या, खाच पाडलेल्या कांड्या उणे वीस अंशांवर गारठवायच्या आणि झोक्याच्या हातोड्याने हाणायच्या. चिवट कांडी वाकते, ठिसूळ मोडते.

"नवी मोडली तर तुमची नोकरीही मोडली समजा," साहेबांनी सकाळीच बजावलं. मग शीतपेटीतल्या जुन्या कांड्या बाहेर काढून तिथे सरबताच्या बाटल्या कोंबल्या.

"साहेब, जुन्याही गारठायला हव्यात."

"जुन्यांचे कसले लाड? पाहुणीला कोमट सरबत देऊ?" म्हणत साहेबांनी पेटीचं बटण थेट उणे सत्तरावर फिरवलं. हात दाखवून अवलक्षण कोण करील?

बाई आल्या. हातोडा सुटला आणि नव्या कांडीचे फाडकन दोन तुकडे झाले. टेबलावरची जुनी नुसती वाकली.

"चिठ्ठ्या उलट लागल्यात!" साहेब ओरडले. "आमच्या माणसाला काडीची अक्कल नाही हो!" आणि बाईंच्या देखत त्यांनी उरलेल्या सगळ्या कांड्यांच्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने बदलल्या, वर सह्याही ठोकल्या.

तेवढ्यात सरबत आलं. बाटल्यांत नुसता दगड, आणि एकीला तर तडा गेलेला.

"पेटी किती अंशांवर होती?" बाईंनी विचारलं.

"उणे सत्तर," तपासनिसाने सांगून टाकलं. "आणि निम्म्या कांड्या बाहेर टेबलावर."

"मग ही परीक्षा कसली? सगळ्या उणे वीसला ठेवा. मी थांबते."

तासाभराने हातोडा पुन्हा फिरला. साहेबांनी लावलेल्या 'नवी' चिठ्ठीच्या तिन्ही कांड्या फटाफट मोडल्या. 'जुनी' चिठ्ठीच्या तिन्ही वाकल्या, पण तुटली एकही नाही. टाकीने आपलं काम चोख केलं होतं.

"तुमचं जुनंच पोलाद उत्तम आहे," बाई उठत म्हणाल्या. "तेच पाठवा. त्या नव्या टाकीत आमचा माल घालू नका."

बाई गेल्या तसे साहेब तपासनिसावर धावले. "अहो, बघताय काय! जाऊन सांगा ना त्यांना, चिठ्ठ्या उलट आहेत म्हणून!"

"सांगतो की," तपासनीस सरबताचा गोळा कपात ठोकत म्हणाला. "उणे वीसला खरी नवी मोडली नाही, म्हणजे माझी नोकरी शाबूत. पण चिठ्ठ्यांवर सही कुणाची, असं त्यांनी विचारलं तर कुणाचं नाव सांगू?"