विहिरीत उतरलेला फोटोवाला

चहा समोर आला की माणूस कपाला तोंड लावतो. इसाकभाई थर्मामीटर लावत. तो कायम त्यांच्या वरच्या खिशात असे. आमटीत, दह्यात, समुद्रात, आणि एकदा तर माझ्या घोरणाऱ्या सासऱ्यांच्या काखेत खुपसून त्यांनी आकडा टिपून घेतला होता. "किती तापलंय ते कळल्याशिवाय वेग कळत नाही, मास्तर!"

रत्नागिरीच्या बंदरावर भाईंचं फोटोचं दुकान. काचेच्या प्लेटीवर फोटो घ्यायचा आणि ती प्लेट औषधात बुडवून चेहरा वर आणायचा, हा धंदा. औषध उन्हाळ्यात पिसाळतं, थंडीत पेंगतं; किती अंशांना किती मिनिटं, हे भाईंनी चार वर्षं मोजून कोळशानं भिंतभर लिहिलेलं. अठरा अंश चढले की काम दुप्पट वेगानं! हा नियम ते अख्ख्या सृष्टीला लावत. दही आंबलं, बांगडा नासला, शेजारीण भडकली, उत्तर एकच: "अठरा अंश!" त्यांच्या लग्नाची बोलणीही ऐन मे महिन्यात मोडली होती. "डिसेंबरात केली असती तर टिकली असती," म्हणत.

एका वैशाखात आमच्या आळीतल्या काशीकाकूंचा रामा खलाशी म्हणून निघाला. आगबोट खोल पाण्यात उभी, तिच्याकडे नेणारा पडाव सुटायच्या बेतात. रामा धावत दुकानात आला, खुर्चीत बसला, भाईंनी उरलेल्या एकुलत्या प्लेटीवर फोटो घेतला आणि रामा गेला. आता प्लेट बिघडली तर पुन्हा फोटो काढायला माणूसच नाही.

दुकानात फॅरनहाइटचे पंच्याण्णव अंश. "इथं बुडवली तर चेहरा वाहून जाईल," भाई म्हणाले, आणि थाळ्या, बाटल्या, लाल काचेचा कंदील घेऊन थेट माझ्या विहिरीत उतरले! उजेड नको म्हणून काशीकाकूंनी विहिरीच्या तोंडावर होडीचं शीड दुपदरी पसरलं.

"मेल्या, उद्या आम्ही पाणी प्यावं की तुझं औषध?" माझी आत्या कडाडली.

"थेंब सांडणार नाही, आत्याबाई!" पाताळातून आवाज आला. "ऐंशी अंश! दोनशे सत्तर मोजायचे. घाई करेल तो गाढव!"

भाई खालून मोजू लागले, आळी वरून. माझ्या वर्गातल्या पोरांना वर्षभरात जमले नाहीत ते आकडे त्या दिवशी आत्याच्या कोंबड्या शिकल्या. दोनशेला कुणीतरी ओरडलं, "बस झालं, भाई!" भाईंनी दोनशे एक म्हटलं. दोनशे सत्तरनंतर प्लेट दुसऱ्या औषधात गेली, धुतली गेली, आणि मगच शीड हललं.

भाई वर आले ते गुडघ्यापर्यंत भिजून. मी म्हटलं, "एका प्लेटीपायी एवढं?"

"माझा धाकटा भाऊ याच बोटीनं गेला, मास्तर. परत आला नाही. त्याचा फोटो मी घाईत, गरम औषधात धुतला. सदरा तेवढा राहिला. अम्मा त्या सदऱ्याकडेच बघत बसायची."

काशीकाकूंनी प्लेट उन्हासमोर धरली. कागदावर छापेपर्यंत काचेवर सगळं उलटं असतं: काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. "अगो बाय! हा पिकल्या केसांचा कोण? माझा रामा नव्हे हा."

एरवी भाईंनी तासभर शास्त्र सांगितलं असतं.

"रामाच तो, काकू," ते म्हणाले. "म्हातारा झाला की असा दिसेल."

काकूंनी प्लेट पुन्हा उन्हासमोर धरली. "मग कागदावरचा नको. हाच दे मला."

"कडेनं धर हां," भाई म्हणाले. "अजून ओला आहे."