पानी, काफी

"कॉफी? आणि तुम्हाला? डॉक्टरांनी सांगितली?" रसिकाचा विश्वास बसेना. तिच्या हातातला डबा अर्धवटच भरलेला राहिला.

"स्वतःच्या तोंडाने," तिचे सासरे सूर्यकांत म्हणाले. "तपासून झालं, मी उठलो आणि दारापर्यंत गेलो, तर मागून ओरडले, 'पानी, काफी पीजिए.' इथले लोक कॉफीला काफीच म्हणतात. दिल्लीच्या कृषी भवनात उभी नोकरी गेली माझी, हिंदी मला शिकवू नकोस."

रसिका पुन्हा डबा भरू लागली. सूर्यकांतांच्या हिंदीविषयी घरात कोणी बोलत नसे, आणि त्यांच्या आजाराविषयी सगळेच हळू आवाजात बोलत.

त्यांच्या यकृतात एका विषाणूने मुक्काम ठोकला होता. फार पूर्वी करोल बागेत स्कूटरवरून पडले तेव्हा रक्ताची बाटली चढवावी लागली, तिच्यातून तो आला असणार असा डॉक्टरांचा अंदाज. इंजेक्शनांचा कोर्स झाला. त्यात केस गेले, वजन गेलं, तोंडाची चव गेली, विषाणू तेवढा गेला नाही. आता तो डोक्यालाही त्रास देऊ लागला होता. या दुखण्यात काहींचं डोकं मंदावतं, असं डॉ. भसीन म्हणाले होते. शब्द जिभेवर येऊन अडायचे. शेजाऱ्याचं नाव गच्चीत गेल्यावर आठवायचं. घरातल्यांनी हे सगळं चालवून घेतलं असतं, पण मे महिन्यात ते मयुराला विसरले.

मयुरा ही पहिलीतली नात. दिल्लीला लागूनच्या वैशालीतल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी तिची शाळेची बस थांबे आणि तिला उतरवून घेणं हे आबांचं काम. शाळेने दिलेलं फोटोचं कार्ड गळ्यात अडकवून ते बिल्डरने लावलेल्या कोवळ्या गुलमोहराखाली बसत. त्या दिवशीही बसले होते. बस आली, थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. सूर्यकांतांनी ती पाहिली. तिच्याशी आपला काही संबंध आहे हेच त्यांना आठवलं नाही. घ्यायला कोणी नाही म्हणून बसने पोरीला परत शाळेत नेलं. संध्याकाळी ती तिथल्या रखवालदाराच्या खोलीत सापडली, तेव्हा रडून रडून तिला उचकी लागली होती.

रसिकाने सासऱ्यांच्या गळ्यातलं कार्ड काढलं आणि पर्समध्ये टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सूर्यकांतांना अजून वाटे.

तेव्हापासून खालच्या मजल्यावरच्या चोप्राबाई आपल्या नातवाबरोबर मयुरालाही उतरवून घेत. आणि विक्रांत, म्हणजे सूर्यकांतांचा मुलगा, साताऱ्याला विजयाआत्याशी फोनवर दार लावून बोलू लागला. "साताऱ्याची हवा चांगली आहे, बाबा," असं तो मधूनच म्हणे. साताऱ्याची हवा वर्षानुवर्षं चांगलीच होती. तिची आठवण घराला आत्ताच का झाली, हे न कळण्याइतकं सूर्यकांतांचं डोकं अजून बिघडलं नव्हतं. तिथे सगळं असेल, मयुरा नसेल.

म्हणून डॉक्टरांचा शब्द त्यांनी प्रसादासारखा घेतला. सकाळी उठल्यावर कॉफी, पेपर वाचताना कॉफी, जेवणावर कॉफी. जन्मभर चहा प्यालेला माणूस, पण दोन पेल्यांच्या मध्ये आठवणीने पाणीही पीत होता. कारण पाणीही सांगितलं होतं.

आणि काय आश्चर्य, डोकं उघडलं! कॉफीने उघडलं की आशेने, देव जाणे. पण सूर्यकांतांना गॅसचा नंबर लावायचं आठवू लागलं. विक्रांतच्या गाडीचा विमा आठवला. रसिकाच्या आईचा वाढदिवस खुद्द रसिकाच्या आधी आठवला, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

"बाबा, प्लीज यार," विक्रांत एकदा वैतागला, "दर दोन मिनिटांनी काय आठवण करून देता! मी ऑफिसातून सुटून येतो आणि इथे दुसरं ऑफिस."

एवढ्यावर भागलं असतं. पण सूर्यकांतांचे हात कापू लागले. कप बशीत वाजू लागला. बोलणंही धावू लागलं. रसिकाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधाशोध केली, त्यात यकृताच्या रोग्याचे हात थरथरले तर ते डोक्याला लागल्याचं लक्षण असू शकतं असं निघालं. ती घरी आली ती पांढरीफटक होऊन. दोघांनी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरात दिल्लीच्या हॉस्पिटलकडे निघाली.

लिफ्टमध्ये सूर्यकांत म्हणाले, "अरे, चोप्राबाई लग्नाला लुधियानाला गेल्यात. मयुराला आज..."

"बाबा, डोक्याला ताण देऊ नका," विक्रांत म्हणाला. "आम्ही बघतो ना."

आपण तपासणीला निघालेलो आरोपी आहोत, जास्त बोलू नये, असं सूर्यकांतांना वाटलं.

डॉ. भसीनांनी हात पुढे करायला लावले. हात कापत होते. "क्या ले रहे हैं आजकल?"

"जो आपने कहा था. पानी, काफी."

"काफी?"

"आपने ही कहा था! पानी, काफी पीजिए!"

डॉक्टर डोळे विस्फारून पाहत राहिले. "ओ जी, मैंने कहा था, पानी काफी पीजिए! काफी! मतलब ज़्यादा!"

विक्रांतला हसू आवरेना. सूर्यकांतांचे कान लाल झाले. कृषी भवनातली सगळी वर्षं त्या एका स्वल्पविरामात बुडाली होती.

"लिवर वालों को काफी बुरी नहीं, ऐसा कुछ लोग कहते हैं," डॉक्टर म्हणाले. "दिमाग का मुझे पता नहीं. पर बाल्टी भर के कौन पीता है? हाथ इसी से कांप रहे होंगे. फिर भी दिमाग का टेस्ट कर लेते हैं. पांच लफ्ज़ याद रखिए. आम, कुर्सी, रेल, चांदी, तोता."

मग वार विचारला, उलटे आकडे म्हणून घेतले, घड्याळ काढायला लावलं. सगळं बिनचूक झालं. "अब वो पांच लफ्ज़?"

"आम," सूर्यकांत म्हणाले. "कुर्सी. रेल. चांदी..."

आणि थांबले. त्यांची नजर डॉक्टरांच्या डोक्यावरच्या घड्याळावर गेली होती. रसिकाने पर्स घट्ट धरली. विक्रांतला सातारा दिसू लागला.

"मयुरा!" सूर्यकांत ओरडले.

"मयूर नहीं जी, तोता," डॉक्टर हळहळले आणि त्यांनी कागदावर फुली मारली.

"अरे, मयुरा! बस येऊन गेली! चोप्राबाई लुधियानाला! कोणाला सांगितलंय तुम्ही?"

"तू सांगितलंस ना?" रसिकाने विक्रांतला विचारलं.

"मी? मला वाटलं तू..."

डॉक्टर फुली मारलेला कागद हातात धरून राहिले आणि तिघं जिन्यावरून धावत सुटले. दिल्लीच्या सीमेवर ट्रकांची रांग होती. सूर्यकांतांच्या मनात सारखी ती उचकी येत होती.

शाळेच्या फाटकावर रखवालदाराने हात आडवा घातला. "कार्ड?"

विक्रांतचं कार्ड घरी, रसिकाचंही घरी. तिने पर्स उपडी केली, तेव्हा मे महिन्यापासून तळाशी पडलेलं एक कार्ड निघालं. रखवालदाराने फोटो पाहिला, मग तिघांचे चेहरे पाहिले.

"ये तो इनका है," तो सूर्यकांतांकडे बोट करत म्हणाला. "बच्ची इन्हीं को मिलेगी. आप लोग बाहर रुकिए."

"हम मां-बाप हैं!"

"होंगे जी. कार्ड इनका है."

रसिकाने मान खाली घातली. तिने कार्डाची दोरी सोडवली आणि ती सासऱ्यांच्या गळ्यात घातली.

मयुरा आबांचं बोट धरून बाहेर आली. डोळे सुजले होते. तिने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

"आज कोण भूललं?" तिने आपल्या दिल्लीच्या मराठीत विचारलं.

विक्रांत गाडीची किल्ली शोधू लागला. रसिका पर्स आवरू लागली.

"मी," सूर्यकांत म्हणाले.

"परत? काय भूललात, आबा?"

"तोता," ते म्हणाले, आणि कापत्या हाताने त्यांनी तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं.