सोपानअण्णांचा राजीनामा

आमच्या शेजारचे सोपानअण्णा रोज सकाळी मनगटावर घड्याळ बांधून आमच्याकडे वेळ विचारायला येतात.

घड्याळ बंद नसतं. मी एकदा हळूच डोकावून खात्री करून घेतली आहे. तरी अण्णा दारात उभे राहून विचारतात, "प्रकाश, किती वाजले रे?" मी भिंतीकडे बघून सांगतो. मग ते आपल्या मनगटाकडे बघून म्हणतात, "तुझं मागं हाय," आणि आत येऊन बसतात. चहा होतो. चहाबरोबर दुसरा प्रश्न येतो, "आज पाऊस हाय का?" एकदा हे विचारताना त्यांच्या टोपीतून पाणी गळत होतं.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कोल्हारच्या स्टँडवर खिडकीत बसायचे. "कोपरगाव, मनमाडकडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" असं जे कर्ण्यातून गावभर ऐकू यायचं, ते अण्णा. ते निवृत्त झाले, कर्णा स्टँडवर राहिला, आवाज मात्र घरी आला. आजही आमच्याकडे आमटीत मीठ कमी पडलं की अण्णा "कृपया इकडे लक्ष द्यावे" अशी सुरुवात करतात, आणि माझी बायको सुनीता सवयीनं पिशवी उचलायला धावते.

अण्णांच्या पत्नी गेल्या, तेव्हा पुण्याच्या लेकीनं, वैशालीनं, त्यांना भारीतला मोबाईल आणून दिला. सोबत एक बोलका डबा. त्याला काहीही विचारा, डबा उत्तर देतो. अण्णा वर्षभर खूश होते. मग एके सकाळी आले आणि वेळ न विचारताच म्हणाले, "राजीनामा दिला."

"अहो, तुम्ही निवृत्त होऊन किती वर्षं झाली!"

"एसटीचा न्हाई. मोबाईलवाल्या बड्या कंपन्यांचा."

"कुठल्या कंपन्यांचा?"

"सगळ्याच. वरून पाट्या निराळ्या, आतून सगळे साडू हायेत."

तेव्हापासून त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे. भारीतला मोबाईल आणि बोलका डबा कपाटात, जुन्या गणवेशाखाली.

आता, राजीनाम्याचं कारण काय? इथे खरी गंमत आहे. अण्णा प्रत्येकाला वेगळं कारण सांगतात.

सुनीताला सांगितलेलं कारण गुडघ्याचं. "अगं, मी आपला घरात एकटाच म्हटलो, गुडघा दुखतोय. तर लगेच मोबाईलवर तेलाची जाहिरात. म्हटलं, काळजीनं दाखवतोय बिचारा. दुसऱ्या दिवशी काठी. मग चाकाची खुर्ची. मी म्हटलं, आता बंद कर बाबा, उद्या तिरडी दाखवशील!"

न्हाव्याच्या दुकानात सांगितलेलं कारण फोटोंचं. मोबाईलनं अण्णांचा आणि त्यांच्या साडूचा फोटो शेजारी शेजारी लावून विचारलं, ही दोन्ही माणसं एकच आहेत का? अण्णा आणि त्यांचे साडू एका लग्नातल्या जिलबीवरून एकमेकांशी बोलत नाहीत. "त्याच्यासारखा मी?" अण्णा अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीतून उठले होते.

नकाशातल्या बाईवर त्यांचा वेगळाच राग. "डावीकडे वळा, उजवीकडे वळा. नुसता हुकूम! एकदा तरी 'अण्णा' म्हणली का?" या बाईनं त्यांना एकदा जवळचा रस्ता म्हणून उसातून नेऊन कुणाच्या तरी विहिरीपाशी उभं केलं आणि "तुम्ही पोहोचला आहात" असं जाहीर केलं. अण्णांच्या मते, आयुष्यभर त्यांनी एकही गाडी विहिरीला लावली नव्हती.

पण सगळ्यात मोठा अपमान वेगळाच होता. कुठल्याशा खात्यात शिरताना मोबाईलनं त्यांना सांगितलं, तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा. खालच्या चौकोनांपैकी बस असलेले चौकोन निवडा.

बस! अण्णांना!

"एका चौकोनात बसचा नुसता आरसा," अण्णा सांगत होते. "आरसा म्हंजे बस का? मी न्हाई निवडला. दुसऱ्यात शाळेची व्हॅन. तीबी न्हाई निवडली. तिसरी गाडी बस हुती, पण तिला पाटीच न्हवती. पाटी नसलेली गाडी मी मार्गस्थ करत न्हाई. शेवटी म्हणला, पुन्हा प्रयत्न करा. म्हंजे बस वळखता येत न्हाई म्हणून मी मानूसच न्हाई!"

अधूनमधून ते शहाण्यासारखंही बोलायचे. "फुकट गाडीत बसवतोय ना तो? मग गाडी कुठं चाललीय ते आधी इचारावं." हे मला इतकं पटलं, की एका दुपारी मीही दुकानात बसून राजीनामा द्यायला घेतला. माझं भांड्यांचं दुकान आहे आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं. पण बाहेर पडायलासुद्धा पासवर्ड लागतो म्हणे, आणि तो मला आठवेना. त्यामुळे मी अजून नोकरीतच आहे.

गंमत चालली होती तोवर ठीक होतं. पण एक दिवस वैशालीचा फोन आला.

"प्रकाशदादा, खरं सांग. बाबा विसरायला लागलेत का?"

"छे! का गं?"

"मेडिकलवाले म्हणाले, वार विचारायला येतात. गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, शिर्डी कुठल्या दिशेला असं विचारत होते. शिर्डी, दादा! मला भीती वाटतेय. या महिन्यात मी त्यांना पुण्याला घेऊन येते, कायमचं. घराला कुलूप लावू."

मी "बरं" म्हटलं, पण मलाही शंका आली. खरंच, वेळ आम्हाला विचारतात, पाऊस आम्हाला विचारतात. आम्ही हसत होतो, आणि माणूस हातातून चालला असेल तर? वैशाली म्हणाली, "तू दोन-चार दिवस नीट बघ आणि मला सांग. तू म्हणशील तसं करते." एवढा अधिकार मला आमच्या घरात कुणी कधी दिलेला नाही.

त्याच आठवड्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा साखरपुडा दौंडजवळच्या काष्टीला होता. सुनीताला ताप होता. मी अण्णांना म्हटलं, "चला माझ्याबरोबर." मनात म्हटलं, दिवसभर परीक्षा घेता येईल.

गाडीत बसल्याबरोबर अण्णांनी अट घातली. "मोबाईल बंद. रस्ता इचारत जायाचं."

मी दुकानातून घरी येतानाही त्या नकाशातल्या बाईला विचारतो, असं सुनीता चारचौघांत सांगते. पण परीक्षा म्हणजे परीक्षा. मोबाईल बंद केला.

राहुरी फॅक्टरीला अण्णांनी काच खाली केली. "ओ पाहुणं, नगरला असंच जायाचं का?" रसवंतीवाला रसाचा ग्लास धरून आमच्याकडे बघतच राहिला. कोल्हारहून निघालेल्या माणसाला नगरचा रस्ता विचारावा लागावा, हे त्याला पहिल्यांदाच दिसत असावं. "सरळ जा की," तो म्हणाला. अण्णा उतरले, रस घेतला, त्याची मुलं किती, शिकतात कुठं, ते विचारून आले.

विळदला पुन्हा तेच. नगरमध्ये एका पानवाल्याला दौंड रस्ता विचारला. पानवाल्यानं हातवारे करून सांगितलं. अण्णा शांतपणे ऐकून म्हणाले, "व्हय, पण त्या अंगानं गर्दी लागंल. स्टेशनवरनं गाडी काढलेली बरी. लोकांना तसं सांगत जा." पानवाला तोंडातलं पान विसरला.

माझ्या डोक्यात तिथे पहिला दिवा लागला. ज्याला रस्ता माहीत नाही, तो रस्ता सांगणाऱ्याला दुरुस्त कसा करतो?

अशा रीतीनं विचारत, बसत, रस पीत, पेरू खात आम्ही काष्टीला पोहोचलो. त्या दिवशी तिथला बाजार. जनावरांचे टेम्पो, बैलांच्या शिंगांना रंग, आणि आमची गाडी मधोमध. साखरपुडा केव्हाच उरकला होता. पंगतीत उरला होता मसालेभात आणि माझ्या बहिणीचा राग. "आलात?" ती म्हणाली. "मला वाटलं बारशालाच येताय."

"कृपया इकडे लक्ष द्यावे," अण्णा तिला म्हणाले, "सदर गाडी रस्त्यातल्या गप्पांमुळं उशिरा धावली." बहिणीला हसू आवरेना. आम्हाला गरम भात मिळाला.

परत येताना मी बोललोच. "अण्णा, तुम्हाला सगळा रस्ता पाठ होता."

"हुता की."

"मग विचारत कशाला होता? आणि वेळ? वार? शिर्डी?"

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"प्रकाश, मी खिडकीत बसायचो तवा दिवसभर लोकं डोकं घालून इचारायची. नगरची लागली का? राहात्याची गेली का? कधीकधी लई वैतागायचो. घरी आलं की ही इचारायची, भाजी काय करू? आता सगळ्यांच्या खिशात मोबाईल. मला कोण इचारतं? तो डबा समदं सांगायचा, खोटं कशाला बोलू. येळ सांगायचा, पाऊस सांगायचा. मग दिवस दिवस कुणाच्या दारात जायाला कारणच उरंना." मग म्हणाले, "येळ इचारली की तू 'या, बसा' म्हणतो. तो डबा कधी म्हणला न्हाई."

समोर खड्डे फार होते, रस्त्याकडे बघणं भाग होतं.

घरी आल्यावर वैशालीला फोन केला. "तुझे बाबा काहीच विसरलेले नाहीत," मी म्हटलं, "कुलूप लावू नकोस. आणि रोज फोन करून त्यांना काहीतरी विचारत जा. काहीही. भाजीत गूळ घालू का, असं."

"आणि त्यांना नाही आलं तर?"

"तरी सांगतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा यायच्या आत मीच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. "अण्णा, राहात्याला जायला गाडी कधी आहे हो?"

माझं राहात्याला काहीही काम नव्हतं. फक्त विचारायचं, चहा घ्यायचा आणि दुकान गाठायचं, असा बेत होता. पण अण्णा ताठ झाले. टोपी डोक्यावर बसवली. "चल," म्हणाले. माझ्या दंडाला धरून थेट स्टँडवर. "बाभळेश्वर, पिंपरी निर्मळ, राहाता, शिर्डी," सगळे थांबे चालता चालता म्हणून झाले. मी तोंड उघडायच्या आत मला गाडीत बसवलं, खिडकीजवळची जागा दिली, आणि गाडीच्या अंगावर हातानं दोन थापा मारल्या. "जाऊ द्या!"

बाभळेश्वरला सुनीताचा फोन. "कुठे आहात? दुकानाच्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत!"

"राहात्याला चाललोय."

"कशाला?"

"अण्णांनी बसवून दिलं."

पलीकडे ती हसत सुटली. राहात्याला उतरून मी पेरू घेतले. एवढ्या लांब आल्याचं दुसरं काही कारण घरी दाखवण्यासारखं नव्हतं. परतीची गाडी बघायला खिशातून मोबाईल काढला, नकाशा उघडणार तेवढ्यात थांबलो, आणि अण्णांच्या बटणांच्या फोनवर लावला.

पहिली घंटी पुरी वाजली नाही तोच फोन उचलला गेला.

"कोल्हारकडे जाणाऱ्या प्रवाशांनी," पलीकडून आवाज आला, "कृपया इकडे लक्ष द्यावे."